चेसिसचे शेवटचे पाच आकडे

"स्कूटीने मला ठोकलं नि पळाली वो ताय. मालकाचा पत्ता द्या, बाकी मी बगतो."

काउंटरपलीकडच्या माणसाने गाडीचा नंबर सांगितला. पायाला बँडेज होतं. बोईसरला गाड्यांच्या कागदपत्रांचं दुकान आहे, तिथे मी बसते. ट्रान्सफर, पासिंग, पत्ता बदलणं, सगळं. लोक आम्हाला आरटीओ एजंट म्हणतात.

सरकारी ॲपवर आता मालकाच्या नावाची निम्मी अक्षरं फुल्यांखाली असतात. पत्ता नसतोच. पण आमच्यासारख्या दुकानांच्या कंप्युटरवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, लाइट बिलं वर्षानुवर्षं पडून राहतात. कुणी पुसत नाही. हे त्या माणसाला बरोबर ठाऊक होतं.

मी सवयीने विचारलं, "चेसिसचे शेवटचे पाच आकडे?"

चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. तो घातल्याशिवाय ऑनलाइन काम पुढे सरकत नाही, त्यामुळे हा प्रश्न तोंडात बसलेला.

त्याने मोबाइलमध्ये न बघता धडाधड सांगितले.

माझे हात थांबले. ठोकून पळालेल्या गाडीची फार तर मागची पाटी दिसेल. चेसिसचे आकडे कुणाला पाठ असतात? ज्याने त्या गाडीचा विमा दरवर्षी उतरवला त्याला.

स्क्रीन माझ्याकडे वळवून फाइल उघडली. गाडी एका बाईच्या नावावर. जुना पत्ता कुंभवलीचा, नवा मीच भरून दिलेला. ती आली तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होतं, हे आठवलं.

"पोलिसांत तक्रार करा," मी म्हटलं. "त्यांनी मागितला तर पत्ता त्यांच्या हातात देईन. चला, मी येते सोबत."

"तेवढ्यासाठी पोलीस कशाला?"

आतून दुकानाचे मालक विलासशेठ आले. तो बँडेजवाला एका ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर, आणि तिथल्या सगळ्या टेम्पोंचं पासिंग आमच्याकडे.

"अगं, देऊन टाक. ओळखीचा आहे."

"शेठ, अपघात झालेलाच नाही. बायको कुठे राहते ते शोधतोय हा."

"मंग?" तो उसळला. "माझी बायको हाय ती. मला हक नाय?"

"तिला पत्ता सांगायचा असता तर तिनेच सांगितला असता."

शेठ माझ्या कानाशी आले. "टेम्पो जातील हां."

"जाऊ देत. पासवर्ड माझ्याकडे आहे, तो मी देणार नाही. हवं तर मला काढा."

त्या माणसाने स्टुलाला लाथ मारली, ती बँडेजच्याच पायाने, आणि ताडताड निघून गेला.

मी लगेच तिला फोन लावला. सगळं सांगितलं.

"पत्ता बदलताना मी तुमाला विचारलेलं, ताय, कोन बगेल का. तुमी बोल्लात, कोन नाय बगत. त्याच भरवशावर झोपते मी."

दुसऱ्या दिवशी तिने पोलिसांत तक्रार दिली, साक्षीला मी गेले. ती कुठे राहते हे इथेही लिहीत नाही.

टेम्पो खरंच गेले. शेठ आठवडाभर धुसफुसत होते. मी मात्र काम संपलेल्या फायली एकेक करून पुसायला घेतल्या.

"आणि परत लागल्या तर?" शेठनी विचारलं.

"ज्याची गाडी आहे तो कागद घेऊन येईल."