पुस्तकाच्या पोटातला दाणा

पोरगी गोंदियाच्या होस्टेलातून कपड्यांची पेटी घेऊनच घरी आली, तेव्हाच समजलं, काहीतरी बिनसलं. कॉलेजात कॉम्प्युटरची 'सी' भाषा सुरू झालेली, तीही इंग्रजीतून, अन् ही देवरीच्या मराठी शाळेत शिकलेली.

"माय, मले काहीच समजून नाही राहिलं. सोमवारी मी जात नाही."

आता सांगा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली. अन् पेटी एकदा घरी आली की पोरगी परत जात नाही, हे मी शेजारीपाजारी पाहिलेलं.

"सोप्पं पुस्तक आणलं तर?"

"तुले काय समजते वं त्यातलं?"

खरंच होतं. मी सातवी, पुढचं सगळं मिळेल ते वाचून शिकलेली. तरी दुसऱ्या दिवशी बसनं गोंदिया गाठलंच.

दुकानदारानं तीन पुस्तकं पुढ्यात टाकली. आम्ही धानवाले. पोत्याच्या तोंडाशी चांगलाच दाणा ठेवलेला असतो, म्हणून सळई खुपसून मधला काढायचा, दाताखाली फोडून पाहायचा. मीही तिन्ही पुस्तकं बरोबर मधोमध उघडली. नुसते कंस, टिंबं, चांदण्या!

"यापेक्षा सोपी नाही है क्या? धान जैसा बीच में से देखा मैंने."

दुकानदार हसला. "माँजी, ये धान का बोरा है क्या? बच्ची तो पहले पन्ने से पढ़ेगी ना!"

मग पहिली पानं पाहिली. दोन इंग्रजी होती, ती बाजूला ठेवली. तिसरं हिंदी, पातळसं. त्यात लिहिलेलं, नव्या पाहुण्याला घराची वाट सांगतो तसं यंत्राला एकेक वळण सांगावं लागतं. दोनदा वाचलं. समजलं की! पण बसमध्ये वाटभर जिवाला घोर: मला समजलं ते कॉलेजाच्या कामाचं असेल काय?

पोरीनं पुस्तक पाहिलं. "हिंदीचं? पोरी हासतील न माय."

मी त्याला पेपराचं कव्हर घातलं अन् चुलीपाशी जाऊन बसले. कान मात्र तिकडंच. मग पान उलटल्याचा आवाज. मग आणखी एक.

"माय, हे असं होय काय? मंग सर काऊन नाही सांगत असं?"

सोमवारी ती पेटी घेऊन बसमध्ये चढली. "पुस्तक घेतलं काय?" हे ओठांवर आलेलं मी गिळलं. घरी येऊन मात्र फळी पाहिली, उशी उचलली, खाटेखाली वाकून पाहिलं.

पुस्तक कुठंच नव्हतं. तेव्हा कुठं चहा ठेवला.