शीड दुमडायची वेळ

भासऱ्याशी बोलायचं नाही, हा नियम कुणी काढला मला माहीत नाही. ज्यानं काढला त्याला एकदा भर वाऱ्यात जोडडोंग्यावर बसवायला हवं होतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याकडे सरळ पाहायचं नाही आणि त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. त्यानंही भावजयीच्या तोंडाकडे पाहायचं नाही. घरात हे कसंबसं चालून जातं, कारण घरात दारं असतात, भिंती असतात, निरोप न्यायला माणसं असतात. पाण्यावर यातलं काहीच नसतं.

माझं सासर सेलू तालुक्यात, धरणाच्या आतल्या अंगाला. मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि गावाची जुनी वाट कधीच पाण्याखाली गेली होती. बाजार, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं पलीकडच्या काठावर. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. त्या पलीकडच्या गावात बालवाडी निघाली आणि मॅट्रिक झालेली म्हणून ती मला मिळाली. घरात मी ‘धाकटी’ होते. धाकटी, पाणी आण. धाकटी, चूल पेटव. बालवाडीतली शेंबडी पोरं मला ‘बाई’ म्हणायची. त्या एका हाकेसाठी मी रोज समुद्रसुद्धा ओलांडला असता, हे तर नुसतं धरण होतं.

ओलांडायचं साधन भासऱ्यांनी केलं होतं. तरुणपणी घरात भांडून ते पळून गेले होते आणि काही वर्षं कोकणात मासळीच्या होड्यांवर राहून परत आले होते. आमच्याकडच्या डोंग्यांत, म्हणजे खोड कोरून केलेल्या होड्यांत, बांबूनं तळ रेटत जायची रीत. पण धरणाच्या मधोमध बांबू तळाला लागत नाही. म्हणून त्यांनी दोन डोंगे हातभर अंतरानं शेजारी ठेवले, वर आडव्या बल्ल्या घातल्या, सुंभानं करकचून आवळल्या, फळ्या टाकल्या आणि मध्ये डोलकाठी उभी केली. शीड मांजरपाटाचं, दुहेरी. ते मी शिवलं. त्याचे मालक मात्र ते.

मागं वल्ह्यावर एक माणूस लागतो आणि पुढं शिडाच्या दोरावर एक. माझा नवरा हिंगणघाटला गिरणीत होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासऱ्यांना पाण्याचं भेव. मला तर रोज पलीकडे जायचंच होतं. म्हणून दोर माझ्या हातात आला. वल्ह्यावर भासरे, दोरावर धाकटी आणि मध्ये सासू. सासू कशाला? बोलायला.

शीड कसं सांभाळायचं हे मला भासऱ्यांनीच शिकवलं, मला एकही शब्द न बोलता. मी त्यांच्यापासून पाच हातांवर उभी असायची आणि ते डोंगराकडे पाहत सासूला म्हणायचे, “आई, तिले सांग, दोर हाताले गुंडाळू नको म्हना, बोटं जातीन.” सासू माझ्याकडे वळून म्हणायची, “दोर हाताले गुंडाळू नको, बोटं जातीन.” जसं काही मी बहिरी होते. मी विचारायची, “आत्याबाई, वारा वाढला तर कसं करायचं?” सासू मागं वळून तेच विचारायची. असं शिक्षण. आता आठवलं की हसू यायला हवं, पण येत नाही.

तरी शिकवलं चांगलं, हे मला कबूल करावंच लागतं. शिडाच्या खालच्या भागात मी त्यांच्या सांगण्यावरून बारक्या नाड्यांच्या दोन ओळी शिवल्या होत्या. वारा वाढला की शीड जिला टांगलेलं असतं ती वरची आडकाठी हातभर खाली घ्यायची, खालचं कापड दुमडून गुंडाळायचं आणि पहिल्या ओळीच्या नाड्या बांधून टाकायच्या. आणखी वाढला तर दुसरी ओळ. शीड लहान झालं की डोंगा पुन्हा शहाण्यासारखा वागतो. पण वारा पाठीवरून असला तर शीड काठीला असं चिकटतं, की दोर सोडला तरी आडकाठी खाली येत नाही. आधी मागच्या माणसानं डोंग्याचं तोंड वाऱ्याकडे वळवायला हवं. म्हणजे दुमडायचं दोघांनी मिळून, एकट्याचं ते काम नाही.

आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा बजावायचे. “आई, तिले सांग, एकटा डोंगा कलंडते, म्हनून मानसाले वारा समजते. जोडडोंगा कलंडत नाई. तो सपाटच राह्यते अन् मंग एकदम मोडते. म्हनून डोंग्याकडं नाई, पान्याकडं पाहत जाय म्हना.” वारा आला की पाण्यावर काळपट पट्टा पळत येतो. तो दूर असतानाच शीड दुमडायचं. हे त्यांचं वाक्य. त्यांचंच.

आता बसायची रीत पाहा. वल्हवणाऱ्याचं तोंड पुढं. माझं तोंड शिडाकडे, म्हणजे मागं, आणि शिडाच्या कडेनं मला मागचं पाणी दिसायचं. पाठीमागून येणारा वारा त्यांना दिसायचा नाही, मला दिसायचा. ज्याला दिसतं त्याला बोलायची बंदी आणि ज्याला बोलायची मुभा त्याला दिसत नाही. मी सासूला सांगायची, “आत्याबाई, मागं पानी काळं पडून राह्यलं.” सासू त्याला आधी साखर लावायची. लेकाचा मान राहिला पाहिजे ना. “बापू, पोरगी म्हनते का पानी थोडंसं काळं दिसते. तुले वाटत असन त पाह्य.” तोवर वारा कानाशी आलेला असायचा. नशीब थोर म्हणून प्रत्येक वेळी निभावलं. सासू घरी येऊन केळझरच्या गणपतीला हात जोडायची आणि मी रात्रीची भाकरी थापताना पिठावर राग काढायची.

मी नवऱ्यालाही सांगितलं होतं. म्हटलं, निदान पाण्यावर तरी हा नियम सोडा. तो म्हणाला, “दादाले कसं सांगू मी? लोक काय म्हनतीन?” मी विचारलं, बुडाल्यावर लोक काय म्हणतील? त्याचं बालवाडीवर काही अडत नव्हतं. माझं अडत होतं. हा डोंगा बंद झाला की माझं ‘बाई’पण संपलं, हे मला रोज दोर हातात घेताना ठाऊक असायचं.

आणि मग तो चैत्रातला दिवस आला. सासू आदल्या दिवशीच संकष्टीला म्हणून केळझरला नणंदेकडे गेली होती. सकाळी आम्ही दोघंच निघालो. मधलं माणूस नाही, तर भासऱ्यांनी डोलकाठीलाच मधलं माणूस केलं. काठीकडे पाहून म्हणाले, “दोर ढिला करा म्हना.” मी काठीला म्हटलं, “केला म्हना.” जाताना वारा मंद होता, निभावलं. दोन म्हातारी माणसं देवळातल्या खांबाशी बोलतात तसे आम्ही काठीशी बोलत पलीकडे पोचलो.

परतताना दुपार कलली होती. वारा धरणाच्या भिंतीकडून, पाठीवर. शीड पूर्ण उघडं. आम्ही मधोमध आलो तेव्हा मला भासऱ्यांच्या खांद्यावरून भिंतीपलीकडे धूळ उठलेली दिसली. पिवळी, उंच. मग भिंतीखालचं पाणी काळं पडलं आणि तो पट्टा आमच्या दिशेनं निघाला.

मी काठीला म्हटलं, “मागून वारा येऊन राह्यला. शीड दुमडा लागन म्हना.”

भासऱ्यांनी मागं वळून पाहिलं नाही. डोंग्याकडे पाहिलं. डोंगा ताटासारखा सपाट चालला होता. ते काठीला म्हणाले, “डोंगा त हालूनबी नाई राह्यला. बायकाइले उगाच भेव वाटते.”

त्यांचंच शिकवलेलं ते स्वतः विसरले, कारण ते माझ्या तोंडून आलं होतं. मी पुन्हा काठीला सांगितलं, मोठ्यानं. ते वल्हवत राहिले. आता पट्टा इतका जवळ आला होता की त्यावरचा पांढरा फेस दिसत होता. मला त्यांना हाक मारायची होती आणि माझ्याकडे हाकच नव्हती. इतकी वर्षं त्या घरात राहून भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण तशी वेळ येणारच नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मग मी हाकेशिवायच ओरडले.

“मागं पाहा! डोंगा वाऱ्याकडं वळवा, मी शीड उतरवतो!”

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी वाऱ्याचा पहिला लोट आला आणि माझा पदर डोक्यावरून उडाला. माझे दोन्ही हात दोरावर. तिसरा हात मला देवानं दिलेला नव्हता. भावजयीचं उघडं डोकं समोर आलं आणि त्या माणसानं काय करावं? कोकणात दर्यावर राहून आलेल्या, वाऱ्याची जात ओळखणाऱ्या माणसानं भर वावधनात, उभ्या वादळात, मान फिरवली. लाजेनं. शिष्टाचार म्हणून. काठाकडे तोंड करून बसला. मान फिरली तसा हातही फिरला, वल्हं फिरलं, आणि डोंगा वाऱ्याकडे तोंड करायच्या ऐवजी आडवा झाला.

डाव्या डोंग्याचं नाक पाण्यात घुसलं. पुढची बल्ली काडकन मोडली. आडवं होताना शिडातला दाब जरासा सुटला, तेवढ्यात मी दोर सोडला आणि आडकाठी धाडकन खाली, माझ्या बाजूला आली. ती आली म्हणून आम्ही उलटलो नाही. पण सुंभ तुटलं, फळ्या गेल्या, डावा डोंगा भरून बसला आणि भासरे पाण्यात. मी उजव्या डोंग्यात उभी राहून शिडाचाच दोर त्यांच्याकडे फेकला. त्यांनी तो धरला. पण वर पाहिलं नाही. नाकातोंडात पाणी जात असताना त्या माणसानं डोळे मिटून दोर धरला, कारण माझं डोकं अजून उघडं होतं.

मी त्यांना ओढून घेतलं. वाऱ्यानंच आम्हाला काठाला लावलं. तिथे पाणी ओसरलेल्या गाळपेरीवर टरबुजाची वाडी होती, वाडीवाल्यानं सगळं पाहिलं होतं आणि त्याहून वाईट म्हणजे ऐकलं होतं. भासरे पुढं चालले, मी ओला पदर डोक्यावर घेऊन मागं.

घरी पोचेपर्यंत गोष्ट आमच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सासू केळझरहून प्रसाद घेऊन आली, तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, “काऊन वं, भासऱ्याले आवाज दिला म्हनते तू? अन् उघड्या डोक्यानं?” डोंगा मोडल्याचं तिनं विचारलं नाही. लेक जिवंत कसा राहिला हेही विचारलं नाही. सासरे ओसरीवरून म्हणाले, “सून वरडली, पोराचं ध्यान उडालं, डोंगा मोडला. आता बालवाडी-फालवाडी बंद.”

भासरे तिथेच बसले होते. एका वाक्याचं काम होतं. ‘ती बरोबर सांगत होती, मीच ऐकलं नाही.’ एवढं म्हटलं असतं तर माझी बालवाडी वाचली असती. ते वाक्य त्यांना माझ्याशी नाही, आईशी बोलायचं होतं, आणि आईशी बोलायला त्यांना कुणाची बंदी नव्हती. सासूनं विचारलं, “बापू, कसं झालं?” ते म्हणाले, “वारा होता.” आणि पायात चपला घालून शेतात निघून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ‘वारा होता’ मी अजून त्यांना माफ केलेला नाही.

नवऱ्यानं शनिवारी येऊन सगळं ऐकलं आणि जेवायला बसला.

महिनाभर मी आशा धरून होते. मग कळलं की बालवाडी पलीकडच्या सरपंचाच्या भावजयीला मिळाली. तिला पाणी ओलांडायचं नव्हतं आणि कुणाशी न बोलायचंही नव्हतं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. कुणी विचारायला आलं नाही, कारण माझ्या तोंडाकडे पाहून कुणाची हिंमत झाली नसावी.

पावसाळा गेला, पाणी चढलं. भासऱ्यांनी डोंगे पुन्हा जोडले. एक दिवस ते मांजरपाटाचा तागा घेऊन आले, ओसरीवर ठेवला आणि डोंगराकडे पाहत सासूला म्हणाले, “आई, तिले सांग, नाड्याइच्या दोन ओळी लाव म्हना, पह्यल्यासारख्या.”

सासू वळायच्या आधी मी बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण मी सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, “मलेच सांगा. नाई त शीड शिवत नाई.”

सासूनं कपाळावर हात मारला. भासऱ्यांची नजर ताग्यावर गेली. नाड्यांशिवाय शीड म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मान वर केली. आपणहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“बाई,” ते म्हणाले, “माह्यं चुकलं होतं. मजबूत शिवजो.”

आमच्याकडे अजून ही गोष्ट सांगतात. त्या काळात भासऱ्यानं भावजयीची माफी मागितली, केवढं मोठं मन, असं म्हणतात. मी ऐकून घेते. शीड मी शिवलं, नाड्यांच्या दोन्ही ओळींसकट, आणि पुढं कित्येक वर्षं दोरही मीच धरला. वारा दिसला की मी सांगायची, ते लगेच वळवायचे. काठीशी कुणी बोललं नाही. पलीकडे डोंगा लागायचा तिथून बालवाडी दिसायची. पोरं दाराशी उभी असायची आणि आतल्या कुणाला तरी ‘बाई, बाई’ अशा हाका मारायची. मी डोंग्यात बसून भासऱ्यांचा बाजार आटपायची वाट पाहायची.