मे महिन्यात समुद्र ओसरलेला असतो

नव्वदच्या दशकात आमच्या निमगाव केतकीतून कुणी मुंबईला निघालं, की आधी माझ्याकडं यायचं. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलेला असायचो. राणीची बाग सकाळीच करा, दुपारी जनावरं झोपतात. म्हातारीचा बूट खालूनच बघा, आत चढून नुसता घाम येतो. गेटवेला फोटोवाल्याकडं बघू नका, नजरानजर झाली की फोटो निघालाच म्हणून समजा. लोक माना डोलवायचे आणि मला चहा पाजून जायचे.

यातलं मी स्वतः काहीही बघितलेलं नव्हतं. माझी मुंबई म्हणजे दादर. लहानपणापासून दर सहा डिसेंबरला घरच्यांबरोबर चैत्यभूमीला जायचो. स्टेशन, रांग, दर्शन, शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल, घरून आणलेली भाकरी-चटणी, की परत स्टेशन. उरलेली मुंबई मी रांगेत पुढंमागं उभ्या असलेल्या लोकांकडून ऐकली होती. रांग लांब असते, त्यामुळं माहिती भरपूर गोळा झाली होती.

समुद्र तेवढा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. एका वर्षी तो पार भिंतीला येऊन टेकलेला, तर पुढच्या वर्षी लांब गेलेला आणि मधे नुसती वाळू. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. आम्ही इंदापूर तालुक्यातली माणसं, उजनीच्या धरणाचं पाणी बघत वाढलेली. पावसाळ्यात पाणी चढतं, दिवाळीनंतर ओसरायला लागतं आणि मे महिन्यात पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. समुद्र मोठा असला तरी शेवटी पाणीच की! ज्या वर्षी पाऊस चांगला, त्या वर्षी भिंतीपर्यंत.

माझी धाकटी बहीण सोलापुरात नर्सिंग शिकून आली, तिला परळच्या बाजूच्या एका हॉस्पिटलातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मे महिना, दुपारी तीन वाजता. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारा मी पहिला, भवानीनगरच्या कारखान्यात कारकून. पण शिकून, पांढरा गणवेश घालून उभी राहणारी ती पहिली असणार होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, फर्मान काढलं, "दादा संगं जाईल. त्येला मुंबई म्हाईत हाय." आणि मग स्वतःही निघाले.

पहाटे दादरला उतरलो. बहीण म्हणाली, "आपण सरळ हॉस्पिटलात जाऊन बसू."

"सकाळपासून तिथं बसून काय करणार? आबांना हाजीअली दाखवू," मी म्हणालो. "समुद्राच्या मधोमध दर्गा आहे. चालत जाता येतं."

"दादा, तू गेलायस का तिथं?"

"किती वेळा!" मी म्हणालो. एकदा तोंडातून गेलं, आता काय.

दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. पाणी खरंच लांब होतं. दोन्ही बाजूंना काळे खडक उघडे पडलेले आणि मधून फरशीची वाट. मी आबांना म्हणालो, "बघा, मे महिना. पाणी ओसरलंय. आता पाऊस पडेपर्यंत ही वाट अशीच." आबांनी समाधानानं मान हलवली. उजनीवाल्या माणसाला हे पटणारच.

आत आबा डोकं टेकून आले आणि मागच्या खडकावर वारा खात बसले. मुंबईत फुकट वारा मिळतो याचं त्यांना फार कौतुक वाटलं. बहीण दोनदा म्हणाली, निघू या. मी दोनदा म्हणालो, बस जरा. बाराच्या पुढं उठून वाटेपाशी आलो, तर वाटेचा मधला भाग दिसेना. तिथं पाणी इकडून तिकडं जात होतं.

"कुणीतरी पाणी सोडलंय," मी म्हणालो. "थांबू थोडं. बंद करतील."

शेजारी एक बाई डबा सोडून जेवायला बसल्या होत्या, रत्नागिरीकडच्या. सोबत त्यांचे दोन तरणे मुलगे. बाईंनी घास हातातच ठेवून माझ्याकडं पाहिलं. "भरती आहे हो. आता संध्याकाळी पाचलाच वाट मोकळी व्हायची. बसा निवांत."

"पण हा मे महिना आहे," मी म्हणालो.

"मग? मेमध्ये काय भरतीला सुट्टी असते?"

त्यांचे मुलगे खाली बघून हसले. आबा हसले नाहीत. "आरं लेका," ते म्हणाले, "रोज चडतं व्हय हे पाणी?"

"दिवसातून दोनदा," बाईंनीच सांगितलं.

"आन ह्यो म्हनतोय पाऊस पडस्तवर वाट अशीच! किती वेळा आलाय म्हनं!"

बहीण नुसती पलीकडच्या रस्त्याकडं बघत होती. रस्ता एवढा जवळ, की बसच्या खिडकीतली माणसं ओळखू यावीत. तिकडं टॅक्स्या धावत होत्या आणि इकडं माझ्या पायाखालचा दगड तेवढा माझा. ऊन मी म्हणत होतं. मी चार पावलं एका बाजूला जायचो, पाणी. चार पावलं दुसऱ्या बाजूला, पुन्हा पाणी. दावणीला बांधलेल्या बैलालाही याहून जास्त जागा असते. त्यात नगरकडचं एक कुटुंब मला विचारायला आलं, "तुमी हितलंच दिसता. राणीची बाग कुठनं जवळ पडंल?" आणि देवाशप्पथ, मी सांगायला सुरुवात केली! सकाळीच करा, दुपारी जनावरं झोपतात...

"दादा!" बहीण ओरडली.

मी गप्प बसलो. ती रत्नागिरीच्या बाईंकडं गेली. "मावशी, माझी तीनला मुलाखत आहे. नोकरीची. आत्ता जाता येईल का?"

बाईंनी पाण्याकडं पाहिलं, मग पोरांकडं. "अजून गुडघ्याएवढंच आहे. ते चार जण हात धरून निघालेत बघ, त्यांच्यातच जा. माझे दोघे तुला पलीकडं सोडतील. पण आत्ताच. पुन्हा विचारशील तर नाही म्हणेन."

तिनं साडी वर खोचली, सर्टिफिकिटांची पिशवी आणि चपला डोक्यावर धरल्या.

"मी येतो," मी म्हणालो. मला पोहता येतं, पण विहिरीत. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, एक लाट पोटरीला चाटून गेली आणि मी म्हणालो, "पण आबांजवळ कुणीतरी पाहिजे."

"राहा," ती म्हणाली. वळून बघितलंसुद्धा नाही.

मधल्या भागात ती एकदा कलंडली. आबांनी माझं मनगट असं आवळलं की बोटांचे वळ उठले. दोन्ही बाजूंच्या पोरांनी तिला उचलून धरलं, पिशवी डोक्यावर तशीच. मग ती पलीकडं दिसली, साडी पिळत. कुणाला तरी काही विचारलं, त्यानं हात दाखवला आणि ती गेली.

पुढचे तास मी आयुष्यात विसरणार नाही. आबा दर थोड्या वेळानं विचारायचे, "पोचली आसंल का?" मी म्हणायचो, पोचली असेल. "तुला काय म्हाईत?" ते म्हणायचे. पाणी सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत आलं, थांबलं, कंटाळल्यासारखं तिथंच राहिलं. ते मागं हटेपर्यंत आम्ही दोघं एका भिंतीच्या तुकडाभर सावलीत पाय आखडून बसलो होतो.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ती पायरीवर बसली होती, साडीचा काठ मिठानं पांढरा कडक झालेला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"एक तारखेपासून या म्हणाले."

आबा तिच्याशेजारी बसले. मग मी विचारलं, "काय काय विचारलं?"

"कामाचं विचारलं. साडी ओली कशानं, ते विचारलं. मुंबईत माहितीचं कुणी आहे का, तेही विचारलं."

"मग?"

"मी म्हणाले, कुणी नाही."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. मग स्टेशनकडं निघायचं म्हणून मी डावीकडं वळलो, तर ती उजवीकडं चालायला लागली होती आणि आबा तिच्या मागं.