रिसीव्हरची उरलेली एक जागा

रिसीव्हर म्हणजे काय, ते मला नातीने शिकवलं. ओट्यावर बसवून तिने सांगितलं, एकजण बॉल फेकते आणि पळता पळता जी तो झेलते ती रिसीव्हर. बॉल पपईसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. कमरेला दोन फिती लटकवायच्या; समोरचीने फीत ओढली की डाव तिथेच संपला. मी विचारलं, फ्लॅग फुटबॉल म्हणता, मग पाय कधी लावता? तिने कपाळावर हात मारून घेतला.

गेल्या वर्षी मुलींचा एक पगारी संघ उभा राहत होता. त्याचं निवड शिबिर आमच्या सांडोर गावाहून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या मैदानात भरलं. रिसीव्हरच्या जागा दोन, मुली सात. नातीने त्यासाठी हातात आलेली बँकेची नोकरी ताटकळत ठेवली होती. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, स्पष्टच सांगितलं होतं, संघात आलीस तर खेळ, नाहीतर सोमवारपासून कामावर जा.

शिबिराच्या दुसऱ्या संध्याकाळी एका उंच मुलीने पहिली जागा पटकावली. तिच्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. उरली एक. त्या जागेसाठी प्रशिक्षक बाईंनी दोघींनाच तिसऱ्या दिवशी बोलावलं, माझ्या नातीला आणि विरारकडच्या चंदनसारच्या एका मुलीला. गंमत म्हणजे ही चंदनसारची आमच्याच घरी मुक्कामाला होती. पहाटेच्या सरावाला विरारहून यायचं म्हणजे हाल, म्हणून नातीनेच तिला आणलेलं. रात्री दोघी एका पलंगावर झोपायच्या आणि सकाळी एकमेकींना हरवायला निघायच्या. आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी मी होते.

एकोणीस वर्षांची मी म्हणजे दोन वेण्या, लाल रिबिनी आणि डोक्यात भुसा. चर्चच्या सणाला गावागावांत थ्रोबॉलचे सामने व्हायचे. आमच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा दुप्पट चांगली खेळायची. मी काय केलं? तिला सांगितलं, निवड उद्यावर गेली. बिचारी घरी भात कांडत बसली आणि मी संघात गेले. सामन्यात पहिलाच बॉल सरळ माझ्याकडे आला. मी मात्र बँडवाल्या पोरांना माझ्या रिबिनी दिसतात का, ते बघत होते. बॉल नाकावर बसला. नंतर मी सगळ्यांना सांगत फिरले की डोळ्यात ऊन गेलं. आभाळ त्या दिवशी भरून आलेलं.

एवढी शोभा होऊनही शहाणपण आलं म्हणाल, तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फुगे तळले. आमच्याकडे लग्नाकार्याला करतात ते मैद्याचे गोळे, टम्म आणि तेलकट. सोबत डुकराच्या मटणाचं कालवण. नातीला दोन केळी आणि उकडलेलं अंडं दिलं. पाहुणीच्या ताटात मात्र फुग्यावर फुगा टाकत गेले. खा गो बाय, परक्यासारखं करू नको. ती बिचारी आजीचा मान म्हणून खात होती. चौथा फुगा पडला तसं नातीने तिचं ताट स्वतःकडे ओढलं आणि तिला बूट घालायला पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, तू मला एवढी कच्ची समजतेस?"

मी गॅस बंद केला. उरलेले फुगे झाकून ठेवले.

मैदानावर दोघींना दहा-दहा बॉल मिळाले. नातीने आठ झेलले. चंदनसारच्या मुलीनेही आठ, त्यातला एक तर जमिनीला टेकता टेकता उचलला. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या, तेव्हा कळलं की मी चुकीच्या मुलीसाठी वाजवतेय. चुकीच्या कसल्या, झेल होताच तसा.

मग बाई म्हणाल्या, आता एकच बॉल, दोघी एकत्र पळा. पकडेल तिची जागा.

दोघी सुटल्या. खांद्याला खांदा, धूळ नुसती. बॉल उंच गेला, वाऱ्याने जरा कोपऱ्याकडे सरकला. चंदनसारची पुढे होती, एक पाऊल पुढे. माझ्या हातातली रोझरीची माळ कधी खाली पडली, मला पत्ता नाही. हेल मेरीची प्रार्थना अर्धीच राहिली. तेवढ्यात नात वळली, पाठीमागे पडणाऱ्या बॉलसाठी अंग मागे टाकलं, दोन्ही पाय हवेत. दोघींचे हात बॉलला लागले आणि दोघी धाडकन पडल्या.

धूळ बसली. शिट्टी वाजली. चंदनसारची गुडघ्यांवर उठली, तिचे हात रिकामे होते. नात बॉलवर पालथी पडलेली. बाईंनी तिला वळवलं, तर बॉल पोटाशी गच्च, आणि कोपरं सोलून निघालेली.

पाहुणीनेच पहिला हात दिला आणि तिला उभी केली. डोळे पुसत होती, पण हात दिला. मी असते तर ऊन डोळ्यात गेलं म्हणाले असते.

बाईंनी बॉल मागितला. नात देईना. दुसऱ्यांदा मागितला, तरी ती मान हलवतेय आणि बॉल आणखी आवळतेय. शेवटी बाई हसल्या, म्हणाल्या, "सोड आता. जागा तुझीच आहे."