मामांचं जोडराज्य आणि मी त्याचा न्यायाधीश

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, एकाच वेळी दोन जगांत राहतात, आणि आपण कुठल्या जगातून बोलतोय हे त्यांनी आजवर एकाही माणसाला धड कळू दिलेलं नाही. पहिलं जग आळे गावातलं: दोन गाई, कांदा, थोडा ऊस, घरात मामी आणि लग्नाची धाकटी मुलगी. दुसऱ्याचं नाव जोडराज्य. ते कुठल्याही नकाशावर नाही. मामांच्या डोक्यात आहे, आणि तिथं मावेनासं झालं की माझ्या मोबाइलवर येतं.

मामांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. गावठी गाईला जर्सीच्या कालवडी होताना बघण्यात जन्म काढलेल्या माणसानं निवृत्तीनंतर जे राज्य वसवलं, त्यात एकाच जातीचा प्राणी औषधालाही सापडणार नाही. तिथं बिबशेळी आहे. पुढून बिबट्या, मागून शेळी. ती मान वळवून स्वतःचीच पाठ बघते, जिभल्या चाटते आणि मग स्वतःलाच घाबरून पळत सुटते. तिथं बैलकर आहे, कमरेपर्यंत माणूस आणि खाली खिल्लार बैल. त्याला बैलगाडा शर्यतीच्या घाटात जुंपायचं की त्याच्याच हातात चाबूक द्यायचा, यावर मामा आणि मी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी भांडलो आहोत. प्रत्येकाची आई कोण, बाप कोण, कुणाचा अंश किती, हे मामांना तोंडपाठ असतं. ही खोड मग इकडच्या जगातही उतरते. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून म्हणतात, “नाक आईकडलं, रडणं बापाचं. साठ-चाळीस.” बाळाची आई बाळाला उचलून आत घेऊन जाते.

मी नारायणगावला शाळामास्तर. शिकलेला जावई म्हणून जोडराज्याचं न्यायाधीशपद मामांनी न विचारता माझ्या गळ्यात घातलं. मधल्या सुट्टीत फोन वाजतो, आणि नमस्कार-चमत्कार न करता मामा सुरू होतात, “जावईबापू, मोरबाई पिसारा फुलवून रस्त्यात उभी ऱ्हायली, जीपा तटल्या. दंड कुणाला?” मीही घसा खाकरून निकाल देतो. पण गोंधळ उडायचा तो उडतोच. एकदा ते म्हणाले, “काल उसातनं बिबट्या आला, कुत्रं नेलं.” मी डबा खाताखाता विचारलं, “मागून शेळी होती का?” पलीकडून हळू आवाजात, “न्हाई वो. मागनं बी बिबट्याच व्हता.” त्यांचा लाडका मोत्या गेला होता. मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही. दिवाळीआधी सहामाहीचे पेपर तपासत होतो, तेव्हा फोन आला. “जावईबापू, मामला लई नाजूक हाय. पोरगा डोंगरातला. भाताचं, पावसाचं रगत. पोरगी पठारावरची, उसा-कांद्यातली. असली सोयरीक आजवर झाली न्हाई. पन पोरीचं मन हाय. निकाल द्या.” जोडराज्यातून लग्नाचा मामला पहिल्यांदाच आला होता. मी लाल पेन खाली न ठेवता गंभीर आवाज काढला, “फेटाळा. चिखलात वाढलेल्या खुरांना कोरड्या रानात भेगा पडतील.” “बरं,” मामा म्हणाले आणि फोन ठेवला. मला माझ्या निकालाचं कौतुक वाटलं, संध्याकाळी बायकोलाही ऐकवला. ती नेहमीप्रमाणे अर्धंच ऐकत होती.

दिवाळीनंतर तीच माहेरचा फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “धाकटीला घोडेगावच्या कॉलेजातला मुलगा पसंत होता. मामांनी नकार कळवला. म्हणे, तुम्ही नको म्हणालात.”

तसाच मोटारसायकल काढून आळ्याला गेलो. मामा गोठ्यात गाईला घास टाकत होते. मी सगळं सांगून टाकलं: मामा, मला वाटलं ते तिकडचं, मी थट्टा करत होतो.

“खुराचं बोललात तवा मलाबी जरा चमकल्यासारखं झालं,” मामा म्हणाले. “म्हटलं, मास्तर मानूस, फिरवून बोलत असंल.” मग घासाची पेंढी खाली ठेवून म्हणाले, “आवो, आमच्या तिकडं सोयरिकीला कुनी न्हाई म्हनतच न्हाई. सगळीच मिसळल्याली. येवढ्या वर्सांत येवढंबी नाय वळखलं तुमी?”

“मग मला विचारलंत कशाला? तुमचं मन काय होतं?”

“व्हय म्हनायचं व्हतं,” मामा म्हणाले. “भावकीपुढं बोलायला माझी छाती व्हईना. एखाद्या शिकलेल्या मानसानं आधी म्हनावं, म्हून इचारलं.”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एसटीनं घोडेगाव आणि तिथून जीपनं डोंगरातल्या त्या घरी गेलो. अंगणात भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली होती. मुलाच्या वडिलांनी घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. मामांनी हात जोडले आणि भावकीपुढे जे जमलं नाही ते परक्याच्या अंगणात सरळ बोलले, “चूक माझी. पोरगी द्यायला आलोय.”

त्या माणसानं कप खाली ठेवला. “पावणं,” तो म्हणाला, “तुमचा निरोप आला, मंग आमी थांबलो न्हाई. परवा साखरपुडा झाला पोराचा. त्या पोरीलाबी आता कसं दुखवायचं?” मुलगा दारात उभा होता. तो पुढे आला, मामांच्या पाया पडला आणि आत गेला.

परतीच्या वाटेवर मामांनी एकाही जगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी पोचल्यावर ते ओसरीपर्यंतही आले नाहीत, गोठ्यातच थांबले. धाकटी तांब्या घेऊन बाहेर आली. सांगायचं काम माझ्यावर आलं. पण तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं.

“दाजी,” तिनं विचारलं, “कापनी उरकली का त्यांची?”

“उरकली,” मी म्हणालो.

“बरं झालं. त्याच्या आईची कंबर लई दुखत व्हती औंदा,” ती म्हणाली, आणि तांब्या घेऊन बापाकडे गोठ्यात गेली.