तुंगाबाईंची निगेटिव्ह

म्हैसुरात देवराज मोहल्ल्याच्या आसपास कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की लोक भुजंगरावांचा स्टुडिओ गाठत. सुईसारखं टोक केलेली पेन्सिल निगेटिव्हवर चालवून ते मुरमं घालवत, देवीचे वण बुजवत, पन्नाशीच्या बाप्याला चाळिशीत आणून बसवत. हात कसला, जादूच ती. आणि गर्वही तेवढाच, बरं का.

बायकोचा, तुंगाचा फोटो काढला तेव्हा तर त्यांनी आठवडाभर पेन्सिल खाली ठेवली नाही. तिच्या तोंडावर देवीचे वण होते. छापलेला फोटो बघून ती म्हणाली, "छान आहे हो. कोण ही?" भुजंगरावांना ती थट्टा वाटली.

तुंगा गेली. वर्षश्राद्धाला त्याच फोटोला हार घालताना त्यांचा हात थबकला. भिंतीवरची गुळगुळीत बाई भलतीच कुणीतरी होती. डोळे मिटून खरी तुंगा आठवावी, तर वण कुठल्या गालावर दाट होते तेच आठवेना. तिचा दुसरा फोटो नव्हता. असलीच तर ती त्या एका निगेटिव्हमध्ये, त्यांच्याच पेन्सिलीखाली होती.

दुपारी स्टुडिओ बंद करून त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला. निगेटिव्ह जुनी, जरा जोर झाला की सगळंच जायचं. जन्मात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती, तरी हलक्या हातानं त्यांनी आपली सगळी कारागिरी पुसून टाकली.

मग डार्करूममधल्या तांबड्या उजेडात त्या निगेटिव्हवरून छापलेला कागद ट्रेमध्ये बुडाला. आधी कुंकू आलं. मग भुवया. मग एकेक वण, उजव्या गालावर दाट. आणि ओठांच्या कडेला दोन बारीक रेघा. अय्यो, ती हसत होती. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं खुपसलेल्या नवऱ्याला बघून तिला हसू आवरलं नव्हतं, आणि या शहाण्यानं सुरकुत्या समजून तेही बुजवलं होतं.

"तुंगा, चुकलं गं माझं," ते म्हणाले.

ट्रेमधलं पाणी डोलत होतं, ती डोलत होती, किती वेळ गेला कोण जाणे. लेकीला, वेदवतीला, दाखवावं म्हणून ओला कागद घेऊन ते तसेच मागच्या अंगणात धावले. फोटो पक्का करणाऱ्या हायपोत तो बुडवायचा राहिला. शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही अशी चूक. उन्हात चेहरा बघता बघता काळा पडला.

वेदवती हळहळली. भुजंगरावांनी मात्र निगेटिव्ह शाबूत असल्याचं सांगितलं आणि लगबगीनं आत जाऊन दार लावून घेतलं. तुंगाला पुन्हा कागदावर येताना त्यांना बघायला मिळणार होतं.