ड्यूटीवर पाणी प्यायचं नाही

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. डेपोत त्यांना घड्याळबाई म्हणत. त्यांची फेरी कधी उशिरा पोचली नाही, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवली की आमचे कान किटले. हसायचो आम्ही. आता हसू येत नाही.

नवरा लवकर गेला, पदरात एकुलती एक लेक. वन्सं सकाळी डेपोत जायच्या तेव्हा पोर झोपलेली, परत यायच्या तेव्हाही झोपलेली. मधला सगळा दिवस ती आमच्या घरी. तिला ताप आला की कपाळावर पाण्याच्या घड्या मी ठेवायची. शाळेच्या नाटकात ती झाड झाली, तेव्हा त्या झाडासाठी टाळ्या मीच वाजवल्या. वन्सं म्हणायच्या, "पुढच्या वेळी नक्की रजा टाकते." ती पुढची वेळ काही उजाडली नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि असा राग आल्याची लाजही वाटायची. त्या काय हौसेने जात होत्या?

धावत्या गाडीत तिकिटं फाडायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून वन्सं डावा गुडघा सीटच्या कडेला टेकवून उभ्या राहायच्या, आणि प्रत्येक ब्रेकचा दणका त्या गुडघ्यालाच बसायचा. शिवाय बायका कंडक्टर एकमेकींना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: ड्यूटीवर पाणी प्यायचं नाही. प्यायलं तर जायचं कुठे? स्टँडवरच्या बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे हे विचारेपर्यंत गाडी सुटायची वेळ. ज्या साहेबांनी ते वेळापत्रक आखलं, त्यांच्या केबिनला मात्र स्वतंत्र बाथरूम होतं.

वन्सं निवृत्त झाल्या, गुडघा त्यांच्या आधीच झाला होता. तेलं झाली, पट्टे झाले. डॉक्टरचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. मग दूरच्या शहरात राहणाऱ्या लेकीला दिवस गेले. जावई बोटीवर नोकरीला, बाळंतपणात येईल याची खात्री नाही. लेक फोनवर म्हणाली, "आई, या वेळी तरी तू ये." मी शेजारीच बसले होते. वन्संनी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. "बाळाला खांद्यावर घेऊन फिरायचं तर पाय नको का धड?" म्हणाल्या.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. गुडघ्याला दोन बारकी भोकं, संध्याकाळी घरी. कौतुक वाटलं सगळ्यांना. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "जखम छोटी आहे म्हणून प्रवास छोटा समजू नका. वाटेकडची सीट घ्या. पाय लटकत ठेवायचा नाही. पावलं वरखाली हलवत राहायची, तासा-तासाला उठून चार पावलं चालायचं, आणि पाणी भरपूर प्यायचं. पोटरी दुखली, फुगली तर तिथल्या तिथे दवाखाना. रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतेल."

वन्संनी मान डोलावली. त्यांनी दाबाचा लांब मोजा घातला, वाटेकडची सीट घेतली. मी सोबत निघाले ते पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.

गाडीत चढलो तर कंडक्टर वन्संच्या हाताखाली शिकलेला निघाला. आता त्याचेही केस पिकले होते. तो वाकून म्हणाला, "बाई, तुम्ही? ऑपरेशन झालंय ना? काही लागलं तर सांगा. कुठेही थांबवतो गाडी."

"मध्येच गाडी थांबवायची असं शिकवलं होतं का मी तुला?" वन्सं म्हणाल्या.

तो बिचारा हसला. मला तेव्हाच उठून दोघांनाही फटकावावंसं वाटलं.

पुढच्या थांब्यावर गाडी भरली. वाटेत पिशव्या, पेट्या, उभी माणसं. मी म्हटलं, "वन्सं, उठा, जरा चाला."

"कुठे चालू? लोकांच्या डोक्यावरून?"

"मग पाणी तरी प्या."

"आत्ता नको."

"अहो, निवृत्त झालात तुम्ही! कसली ड्यूटी आता?"

"गाडीत बसलं की तहानच लागत नाही मला," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. इतक्या वर्षांत तहानेनेही त्यांच्यापुढे हात टेकले होते. मी पुन्हा पुन्हा बाटली पुढे केली, त्या घोटभर ओठ ओले करून परत द्यायच्या. मधल्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा त्यांनी खिडकीतून संडासापर्यंतचं अंतर पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग कंडक्टरकडे पाहिलं. "त्याची वेळ चुकेल," म्हणाल्या आणि बसून राहिल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

दुपारी त्या पोटरी चोळताना दिसल्या. "पायात गोळा आला," म्हणाल्या. मी मोजा खाली करून हात लावला तर पोटरी गरम आणि टणक. मी उठून ओरडणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "आता पोचतोच आहोत. मला आधी तिच्याकडे जायचंय. तमाशा करू नकोस." पकड अजून कंडक्टरची होती. गाडी अगदी वेळेवर पोचली. उतरताना शेवटच्या पायरीवर वन्संना धाप लागली आणि त्या तिथेच खाली बसल्या. कंडक्टरने धावत जाऊन रिक्षा आणली. तो रडत होता.

गाठ पायातून फुफ्फुसात गेली होती. ज्या इस्पितळात लेकीचं नाव घातलं होतं, तिथेच वन्संना दाखल केलं. नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद: अंथरुणातून पाय खाली टाकायचा नाही. लेक भेटायला आली ती पोट सावरत. आईसाठी धावपळ करता करता दुसऱ्याच दिवशी तिच्या कळा सुरू झाल्या. तिला वरच्या मजल्यावर नेलं. जावई समुद्रात. मग आत कोण जाणार? मीच.

तिने माझा हात धरून ठेवला होता. कळ ओसरली की दाराकडे बघायची. मी म्हटलं, "आई खालीच आहे गं. तुझ्यासाठीच आली ना एवढ्या लांब?"

"म्हणजे नाहीच आली," ती म्हणाली. रागावून नव्हे, नेहमीची गोष्ट सांगावी तशी.

मुलगी झाली. धडधाकट, किंचाळणारी. मी खाली सांगायला गेले. वन्संनी बाळाचं वजन विचारलं, रंग विचारला, मग छताकडे बघत म्हणाल्या, "माझी आठवण काढली का तिने?"

खोटं बोलायला हवं होतं म्हणता? बोलले असते. पण आयुष्यभर त्या दोघींच्या मध्ये उभी राहून माझेही पाय दुखले होते. मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगून टाकले.

मला वाटलं वन्सं रडतील, किंवा माझ्यावर भडकतील. दोन्ही चाललं असतं.

"मग इथे काय करतेस?" त्या म्हणाल्या. "वर जा. ती एकटी आहे, आणि तिला सवय तुझीच आहे."